उन्हाचा वाटा

त्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर पाटी नव्हती. पाटीच्या जागी थर्मामीटर होता, हातभर लांब, लाकडी पट्टीवर ठोकलेला. कुणी चाकात हवा भरायला आलं की मास्तर आधी त्या थर्मामीटरकडे बघत आणि मग विचारत, "निघणार किती वाजता? सायकल उन्हात उभी राहणार की सावलीत?" हवा भरायला आलेल्या माणसाला एवढी चौकशी कशाला, हे कळायचं नाही. नवखा असेल तर तो हसायचा. जुना असेल तर निमूट उत्तर द्यायचा, कारण उत्तर मिळाल्याशिवाय मास्तर पंपाला हात लावत नसत.

त्यांना सगळे पौंडमास्तर म्हणत. शिकवलं त्यांनी कधी कुणाला नव्हतं, पण हवा किती पौंड भरायची यावर ते इतकं बोलत की शाळेत बसल्यासारखं वाटे. त्यांचं म्हणणं साधंच होतं. पहाटे गारव्यात भरलेली हवा दुपारी तापते, फुगते आणि चाकातला दाब वाढतो. शर्यतीच्या सायकलचं टायर बोटभर रुंद आणि दगडासारखं कडक; तिथे अडीच अंश गरमी वाढली की एक पौंड दाब वाढतो. "चाकात आपण एकटे हवा भरत नाही," ते म्हणत. "सकाळी आपण भरतो, दुपारी ऊन भरतं. उन्हाचा वाटा आधीच सोडून ठेवायचा." म्हणजे दुपारी एकशे दहा हवी असेल आणि ऊन आठ पौंड वाढवणार असेल, तर पहाटे एकशे दोनवर थांबायचं.

भरून झालं की ते व्हॉल्व्हला लाल दोरा बांधत. दोरा बांधलेल्या चाकाला दुसऱ्या कुणी पंप लावायचा नाही, खुद्द सायकलच्या मालकानंही नाही, हा त्या दुकानाचा कायदा होता. सायकलची हौस असलेल्या एका डॉक्टरनं एकदा दोरा सोडून चार दणके जास्तीचे मारले. मास्तरांनी त्याची सायकल रस्त्यावर नेऊन उभी केली आणि सांगितलं, आता नवीन मेकॅनिक शोधा. डॉक्टर महिनाभर मिनतवाऱ्या करत होता.

घरात याची थट्टा चाले. बायको म्हणायची, भाताला पाणी घालतानाही यांना विचारून घालावं लागेल बहुतेक, उन्हाचा वाटा राहिला का म्हणून. मास्तर हसत नसत. हसण्यासारखं त्यांच्या लेखी त्यात काहीच नव्हतं.

कारण एकवीस वर्षांपूर्वीची ती शर्यत. मास्तरांचा धाकटा भाऊ तेव्हा चोविसाचा होता आणि त्या मोसमात लागोपाठ दोन शर्यती त्यानं मारल्या होत्या. त्याची सायकल मास्तरांच्या हातची. पहाटे कुडकुडत त्यांनी मागच्या चाकात एकशे दहा पौंड हवा भरली आणि धाकटा निघाला. दुपारी घाटाच्या उतारावर, तिसऱ्या वळणाला, ते टायर फुटलं. धाकटा दगडी कठड्यावर जाऊन आदळला. वाचला, पण डावा गुडघा त्या दिवसापासून वाकला नाही.

शर्यतीच्या समितीनं विचारलं, हवा किती होती? मास्तरांनी एकशे दहा सांगितली. त्यावर कुणीतरी म्हणालं की पहाटे भरलीत, दुपारचं ऊन धरलं होतंत का? मास्तरांनी धरलं नव्हतं. तेवढं वाक्य त्यांच्या काळजात रुतलं ते रुतलंच. एक म्हातारा मेकॅनिक म्हणालाही होता की एकशे दहानं टायर असं चिंध्या होत नाही, कितीही ऊन असो. मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. दोष अंगावर घेतलेल्या माणसाला तो उतरवून देणारा आवडत नाही.

धाकटा इस्पितळात तीन महिने होता आणि त्यानं भावाला एका शब्दानं दोष दिला नाही. मास्तर ते त्याचं मोठं मन समजले. दुकानाच्या दारावर थर्मामीटर आला तो त्या वर्षी.

पुढे धाकट्याला छापखान्यात बसून करायचं काम मिळालं. लग्न त्यानं केलं नाही; भावाच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहिला. मास्तरांची मुलगी चालायला लागली ती त्याचा ताठ पाय धरून. एका जागी ठरायची नाही, म्हणून तिला भिंगरी म्हणायचं हे त्यानंच ठरवलं आणि तिला सायकलवर बसवली तीही त्यानंच. बाविसाव्या वर्षी ती त्या भागातली सगळ्यात वेगवान पोर होती. चढ कसा चढायचा आणि वळणाला अंग कसं झोकायचं हे काकानं शिकवलं. हवा मात्र बाबांची. भिंगरीला लहानपणापासून सांगितलेलं होतं की बाबांच्या चुकीनं काकांचा पाय गेला. तिनं बाबांवर राग धरला नाही, पण त्यांच्या हवेवर तिचा विश्वासही नव्हता. "बाबा हवा भरत नाहीत, प्रायश्चित्त घेतात," असं ती एकदा मैत्रिणीला म्हणाली, आणि मास्तरांनी ते आतल्या खोलीतून ऐकलं. 

अशा घरात तो शर्यतीचा दिवस उजाडला. घाट तोच. पहिल्या तिघींत आली तर भिंगरीची मोठ्या संघात निवड होणार होती.

पहाटे दुकानात आठ अंश होते. दुपारी अठ्ठावीसपर्यंत जाईल असं रेडिओनं सांगितलं होतं. वीस अंशांचे आठ पौंड. मास्तरांनी मागचं चाक एकशे दोनवर आणलं, पुढचं अठ्ठ्याण्णववर, दोन्हीकडे दोरा बांधला. भिंगरीनं अंगठ्यानं दाबून बघितलं आणि नाक मुरडलं. मऊ लागतंय, म्हणाली. मास्तर म्हणाले, अकरा वाजता दाबून बघ. ती काकाकडे बघून डोळे फिरवून हसली.

तिघे व्हॅननं शर्यत सुरू होणार त्या मैदानावर पोचले आणि मास्तर कागदपत्रं द्यायला टेबलाशी गेले. रांग होती, पाऊण तास गेला. परत आले तेव्हा भिंगरी ओळीत जाऊन उभी होती आणि धाकटा व्हॅनच्या मागच्या दाराशी काहीतरी आवरत होता. सात वाजता शिट्टी झाली.

मदतीच्या माणसांना थांबायची जागा घाट उतरून आलं की लगेच, पुलापाशी होती. तिथून शर्यतीची शेवटची रेघ दोनशे पावलांवर. दोघे भाऊ व्हॅन घेऊन साडेनऊला तिथे पोचले. रस्ता बंद केलेला, एकही गाडी नाही. एरवी त्या पुलावर ट्रकांचा खडखडाट असतो. आज नदीचं पाणी ऐकू येत होतं आणि मास्तरांना ते मुळीच आवडलं नाही. त्यांनी खिशातला छोटा थर्मामीटर व्हॅनच्या सावलीत टांगला. एकोणतीस. दहा वाजता एकतीस झाले. ऊन रेडिओचं ऐकत नव्हतं. रस्त्याच्या कडेचं डांबर चमकायला लागलं होतं, बुटाला चिकटत होतं.

"तीन अंश जास्त," मास्तर पुटपुटले. "एक पौंड. चालेल. ती एकशे अकरावर असेल."

धाकट्यानं व्हॅनमधून चहाचा थर्मास काढला. तो सकाळपासूनच बोलत नव्हता. शर्यतीच्या दिवशी त्याच घाटाखाली बसायचं म्हणजे त्याच्या जिवाला काय होत असेल, असं मनाशी म्हणून मास्तरांनी त्याला छेडलं नाही.

काहीतरी हाताला चाळा हवा म्हणून त्यांनी हत्यारांची पिशवी उघडली. पंप वरच होता. मास्तर पंपाची नळी नेहमी डावीकडून गुंडाळत. तीस वर्षांत त्यात बदल नव्हता. आज ती उजवीकडून गुंडाळलेली होती. त्यांनी पंप बाहेर काढला. पिशवीच्या तळाशी, पान्यांच्या खाली, लाल दोऱ्याचे दोन तुकडे पडले होते. कापलेले.

 ते तुकडे तळहातावर घेऊन मास्तर भावासमोर उभे राहिले.

"पंप कुणी लावला, धाकट्या?"

धाकट्यानं थर्मासचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. "तिला मऊ वाटत होतं, दादा. ओळीत उभं राहायच्या आधी रडकुंडीला आली होती. मलाही दाबून मऊच वाटलं."

"किती भरलीस?"

"पुढच्यात थोडीच."

"मागच्यात?"

"एकशे अठरा."

आयुष्यभर केलेला हिशेब थांबव म्हटलं तरी थांबत नाही. मैदानावर तेव्हा आठ-नऊ अंश. आता एकतीस, वर घाटावर उघड्या खडकात त्याहून जास्त. एकशे अठराचे एकशे अठ्ठावीस. टायरवर कंपनीनं छापलेली मर्यादा एकशे वीस. आणि हे नुसतं उन्हाचं. उताराला चौदा वळणं. प्रत्येक वळणाआधी ब्रेक दाबायचा, ब्रेकचे रबर रिमवर घासणार, रिम तव्यासारखं तापणार आणि आतली हवा आणखी फुगणार. इथपर्यंत आल्यावर मास्तरांनी आकडे मोजणं जबरदस्तीनं बंद केलं.

पुलाच्या तोंडाशी समितीची एक बाई वॉकीटॉकी घेऊन खुर्चीवर बसली होती. मास्तर तिच्याकडे धावले. त्यांच्या वयाचा माणूस धावतोय हे बघूनच ती उभी राहिली. बाहेरच्या कुणी सायकलला हात लावला तर पोरगी बाद होईल, तिनं सांगितलं, पण तिची ती थांबून हवा सोडू शकते. निरोप देते मी. घाटमाथ्यावरच्या माणसाला तिनं गाठलं. आघाडीच्या मुली अजून माथ्यावर पोचल्या नव्हत्या.

"सतरा नंबरला सांगा, तिच्या वडलांचा निरोप आहे," मास्तर बाईच्या खांद्यावरून ओरडले. "थांब आणि मागच्या चाकातली हवा सोड. काकांनी जास्त भरली आहे म्हणावं."

निरोप वर गेला. त्यातला कितीसा वर पोचला ते कळायला मार्ग नव्हता. यंत्रात नुसती खरखर होती.

धाकटा ताठ पाय ओढत मागोमाग आला होता. उन्हातच उभा राहिला. "दादा," तो म्हणाला, "त्या दिवशीही मीच भरली होती."

मास्तरांना आधी कळलंच नाही तो कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय.

"तू एकशे दहा भरलीस ती बरोबर होती. मला कडक हवा आवडायची. तू पलीकडे गेलास की मी वरून भरायचो, दर वेळी. आधीच्या दोन्ही शर्यतींना भरली होती, काही झालं नव्हतं. त्या दिवशी जरा जास्तच भरली. नंतर मी स्वतःला सांगत राहिलो की खडा लागून फुटलं. इतकी वर्षं सांगितलं की मला ते खरंच वाटायला लागलं. आज पण खरं वाटत होतं, म्हणून तर भरली. मग तुझ्या दोऱ्याचे तुकडे पिशवीच्या तळाशी लपवताना कळलं, ते खरं नव्हतं."

एकवीस वर्षं हे शब्द कुणीतरी म्हणावेत म्हणून मास्तरांनी काय दिलं नसतं. रात्री झोपेतून उठून त्यांनी बसून काढलेले तास, समितीसमोर खाली घातलेली मान, पोरीच्या तोंडून ऐकलेलं ते प्रायश्चित्त, सगळं एका दमात पुसलं जायला हवं होतं. तसं काही झालं नाही. त्यांना फक्त राग आला, इतका की भावाच्या ताठ पायाकडे बघूनही तो उतरेना. आणि राग करायलासुद्धा ही वेळ नव्हती.

"आत्ता तोंड उघडू नकोस," ते म्हणाले. "ती खाली येईपर्यंत एक शब्द बोलू नकोस."

अकराला दहा कमी असताना यंत्र बोललं. सतरा नंबर माथा ओलांडून गेली, पहिली आहे, मागचीला अर्ध्या मिनिटानं मागे टाकलंय. निरोप सांगितला का, बाईनं विचारलं. सांगितला की, वरचा माणूस म्हणाला. बाबा म्हणतात थांबून हवा सोड, असं ओरडून सांगितलं. तिनं ऐकलं, हसली, हात हलवला आणि गेली.

मास्तर त्या बाईच्या खुर्चीवर बसले. पोरीचं काय चुकलं? जन्मल्यापासून ती हेच ऐकत आली होती. पावसाळ्यात हवा, उन्हाळ्यात हवा, बाजारात जाताना हवा. बाबांचं नेहमीचंच. खऱ्या धोक्याच्या दिवशी वेगळं काही सांगायला त्यांच्यापाशी शब्दच उरले नव्हते, होते ते सगळे त्यांनी रोज वापरून टाकले होते.

वळणावळणाला समितीची माणसं होती आणि ती नंबर सांगत होती. पहिलं वळण, सतरा पुढे. दुसरं वळण, सतरा. मग यंत्रात खरखर आली आणि थांबली. धाकट्यानं पुलाचा कठडा दोन्ही हातांनी धरला. तिसऱ्या वळणाची बातमी येईना. बाईनं बटण दाबून दोनदा विचारलं. नदीचं पाणी तेवढं वाजत होतं.

"तिसरं," यंत्र म्हणालं. "सतरा गेली. वेग फार आहे हिचा."

धाकट्यानं सोडलेला श्वास मास्तरांना ऐकू आला. त्यांनी स्वतः सोडला नाही. धाकट्यासाठी घाट तिसऱ्या वळणाला संपत होता. मास्तरांना ठाऊक होतं की चौथ्याला रिम तिसऱ्यापेक्षा तापलेलं असतं आणि दहाव्याला चौथ्यापेक्षा. खाली येईल तसा धोका वाढत जाणार होता. सातवं. आठवं. नवव्याला सांगणारा माणूस आधी दुसऱ्याच कुणाशी बोलला आणि मग सतरा म्हणाला. मास्तरांनी खिशातला हवा मोजायचा काटा मुठीत इतका आवळला होता की त्याच्या कडा तळहातात उमटल्या. बाराव्या वळणानंतर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि कानात प्राण आणून ऐकत राहिले. फुटायचा आवाज इथपर्यंत येतो. एकवीस वर्षांपूर्वी आला होता.

आली ती सायकल. पुलावरून सूं करून त्यांच्यासमोरून गेली, पाठ वाकलेली, वेणी मागे उडणारी. दोनशे पावलांवर लोकांनी आरोळी ठोकली. भिंगरी पहिली आली होती.

मास्तर तिच्यापाशी पोचले तेव्हा लोक तिच्याभोवती जमले होते. कुणी पाठ थोपटत होतं, कुणी फोटो काढत होतं. मास्तरांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते गुडघ्यावर बसले आणि मागच्या टायरवर सावकाश हात फिरवू लागले. रबर चटका देत होतं. पाऊण फेरी झाल्यावर हाताला गाठ लागली. टायरची कड रिमवरून उचलली गेली होती आणि त्या फटीतून आतली ट्यूब लिंबाएवढी बाहेर आली होती.

"बाबा, तुमचा निरोप मिळाला बरं का," भिंगरी वरून म्हणाली. धाप लागली होती, पण हसत होती. "वैतागू नका. हवा फर्मास होती. अशी सायकल आजवर कधी पळाली नाही. पुढच्या महिन्यात याच्या दुप्पट घाट आहे, तेव्हा हवा काकाच भरतील, ठरलं."

मास्तरांनी तिचा हात धरला, खाली ओढला आणि त्या गाठीवर ठेवला. ती ओणवी झाली. बोटांनी गाठ चाचपली. क्षणभर तिच्या चेहऱ्यावरचं हसू हललं, मग परत जागेवर आलं.

"पण फुटलं नाही ना," ती म्हणाली.

धाकटा तोवर येऊन पोचला होता. ते ऐकून तो जागच्या जागी थांबला. मास्तरांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. एकवीस वर्षांमागे, दुसरी शर्यत जिंकल्यावर, मागचं टायर फुगल्यासारखं का दिसतंय असं मास्तरांनी त्याला विचारलं होतं. तेव्हा तो हेच म्हणाला होता, याच आवाजात. पुढची शर्यत त्याची शेवटची ठरली.

मास्तर बोलू शकले असते. सगळं त्यांना आता माहीत होतं, आणि भिंगरीनं ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं असतं. म्हणून ते भावाकडे नुसते बघत राहिले.

धाकट्यानं गर्दीतल्या दोघातिघांना बाजूला केलं. ताठ पाय पुढे पसरून तो रस्त्याच्या कडेला, त्या चिकट डांबरावरच बसला आणि शेजारची जागा त्यानं हातानं थोपटली.

"भिंगरे, इथं बस," तो म्हणाला. "माझा गुडघा कसा गेला, ते तुला आजवर खोटं सांगितलंय."

ती बसली. मास्तरांनी व्हॉल्व्हचं टोक सैल केलं आणि अंगठ्यानं दाबलं. हवा बराच वेळ येत राहिली.